साठीनंतरची ५ किलोमीटरची शर्यत: तयारी पोटरीपासून

स्टार्ट लाइनच्या मागे गर्दीत मी वीसेक मिनिटं नुसता उभा होतो. पहाटेची थंडी, वॉर्मअप केव्हाच उतरलेला, आणि गप्पा रंगलेल्या. इशारा झाला, सगळे सुटले म्हणून मीही सुटलो. तीनशे मीटर गेलो असेन, तेवढ्यात डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी दगड मारला. चिडून वळून पाहिलं, तर मागे दगड मारणारं कुणी नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा बहुतेकांना असंच वाटतं, हे नंतर फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. तेव्हा मी ६१ वर्षांचा होतो. पुढचे सात आठवडे धावणं सोडून बाकी सगळं केलं.

त्यानंतर बऱ्याच छोट्या शर्यती धावलो. आमच्या वयाच्या माणसाला सल्ला एकच मिळतो: "आता हळू धावा, लांब धावा, वेगाच्या भानगडीत पडू नका." मला तो अर्धाच पटतो. वेग आपोआप कमी होतोच, त्याला आपण दारापर्यंत सोडायला जायची गरज नाही. फक्त तो कुठून गळतो हे ठाऊक हवं. माझ्या मते तो आधी पोटरीतून गळतो, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू होतो.

वयानं नेमकं काय बदलतं

हृदयाचे कमाल ठोके कमी होतात आणि त्यावर कुठलाही व्यायाम चालत नाही. शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी घटते. जोमानं व्यायाम करत राहणाऱ्यांत ही घट बरीच मंदावते.

पायांची गोष्ट निराळी आहे. म्हातारा धावपटू तरुणाइतकीच पावलं टाकतो, मिनिटाला पावलांची संख्या फारशी घटत नाही. आखूड होतं ते पाऊल. त्याचं मोठं कारण म्हणजे मागचा पाय जमिनीला जो रेटा देतो तो कमी पडतो. हा रेटा मुख्यतः घोट्यातून, म्हणजे पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस शिरेतून (ही रक्ताची शीर नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) येतो. पोटरीच्या आतला सपाट स्नायू, सोलियस, धावताना शरीराच्या वजनाच्या सुमारे सहा ते आठ पट भार पेलतो. तो दुबळा झाला की एकीकडे वेग जातो आणि दुसरीकडे दुखापत येते.

आधी डॉक्टर

छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, धडधड, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय वेगानं धावू नका. काही नसलं तरी बरीच वर्षं बसून काढली असतील तर एकदा विचारून घ्यावं. त्यांना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका. "पंचवीस-तीस मिनिटं जोरात धावणार आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे उत्तरही स्पष्ट मिळेल.

औषधांची यादी सोबत न्या. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारासाठी देतात ते औषध) चालू असेल तर हृदयाचे ठोके दाबलेले राहतात, त्यामुळे घड्याळातल्या हार्ट रेट झोनला काही अर्थ उरत नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर शर्यतीच्या सकाळी ती केव्हा घ्यायची हे विचारा, मनानं टाळू नका. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी अकिलीस शीर सुजण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. साठीनंतर तो वाढतो, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखी. असा कोर्स झाला असेल तर वेगाचा सराव थांबवा आणि पुन्हा केव्हा सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारा.

पोटरीची तयारी

जिन्याच्या खालच्या पायरीवर, कठड्याला हात लावून उभे राहा. पंजे पायरीवर, टाचा बाहेर. दोन्ही टाचा वर उचला, वर एक क्षण थांबा, मग तीन मोजत हळूहळू पायरीच्या पातळीच्या किंचित खाली न्या. खाली जाणं हाच खरा व्यायाम आहे. बहुतेक जण वर जाताना जोर लावतात आणि खाली धपकन सोडून देतात.

दोन पायांवर पंधराचे तीन संच सहज झाले की एका पायावर या. इथे बऱ्याच जणांचा गर्व उतरतो. माझे पहिल्यांदा उजव्या पायावर अकरा झाले आणि डाव्यावर, म्हणजे दुखावलेल्यावर, चार. पाचव्याला टाच वर जाईना, मी नुसताच गुडघा वाकवून पुढे झुकत होतो. तसं झालं की मोजणं थांबवायचं, फसवलेला आकडा उपयोगाचा नसतो. एका पायावर सलग वीसपर्यंत पोचायला मला चार महिने लागले.

हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करायचा, कारण सरळ गुडघ्यानं बाहेरचा स्नायू जास्त काम करतो आणि वाकवलेल्या गुडघ्यानं सोलियस. खुर्चीवर बसून मांडीवर वजन ठेवून टाचा उचलल्या तरी चालतं. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सोबत खुर्चीवरून हात न लावता उठबस आणि एका पायावर तोल सांभाळून उभं राहणं, प्रत्येकी दोन-तीन संच. शीर सावकाश बदलते, स्नायूपेक्षा कितीतरी सावकाश. त्यामुळे पोटरी मजबूत वाटायला लागली म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेमागे काय वाटतं ते रोज पाहा. थोडा ताठरपणा दोन-चार मिनिटांत गेला तर हरकत नाही. तो कालच्यापेक्षा वाढला असेल किंवा लंगडत चालावं लागत असेल तर त्या दिवशी धावणं बंद.

बारा आठवडे, पण आठवडा सात दिवसांचा नव्हे

सलग अर्धा तास चालत-धावत पूर्ण करता येतो असं मी धरून चालतो. येत नसेल तर आधी तेवढं करा: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, आणि हळूहळू हे प्रमाण उलटं.

तयार वेळापत्रकं बहुतेक सात दिवसांची असतात आणि त्यांत दोन-तीन कठीण दिवस असतात. तरुणाला ते झेपतं. आपल्याला कठीण सरावानंतर सावरायला दोन दिवस लागतात, कधी तीन. म्हणून मी नऊ दिवसांचं चक्र धरतो. तीन दिवसांचा एक गट: पहिला दिवस कामाचा, दुसरा पूर्ण विश्रांतीचा किंवा चालण्याचा, तिसरा हळू धावण्याचा. असे तीन गट, म्हणजे कामाचे दिवस तीन आणि तिन्ही वेगळे. बारा आठवड्यांत अशी नऊ चक्रं बसतात आणि तीन दिवस उरतात. ते सर्दीपडशासाठी ठेवा.

कामाचा पहिला दिवस स्ट्राइड्सचा. वीस मिनिटं हळू धावल्यावर सपाट रस्त्यावर पंधरा-वीस सेकंद वेगानं धावायचं. जीव तोडून नाही, सुटसुटीत, खांदे सैल ठेवून. नंतर दीड-दोन मिनिटं चालायचं. सुरुवातीला चार, पुढे आठ. पहिल्या दोन चक्रांत हेच सौम्य चढावर करा. चढावर वेग कमी राहतो आणि पाय आपटत नाही. मात्र चढावर टाच खाली जाते आणि शिरेला ताण बसतो. ज्यांची शीर आधीच कुरकुरते त्यांनी सपाटीवरच राहावं.

दुसरा दिवस टेम्पोचा. बोलता येतं पण बोलावंसं वाटत नाही, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, असा वेग. आधी पाच-पाच मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये दोन मिनिटं चालणं, आणि शेवटच्या चक्रांत दहा-दहाचे दोन. ५ किलोमीटरसाठी सगळ्यात कामाचा दिवस हाच आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणाराही हाच, कारण प्रत्येक जण त्याची शर्यत करून टाकतो. संपल्यावर "अजून पाच मिनिटं जमली असती" असं वाटलं तर तो बरोबर झाला.

तिसरा दिवस लांबचा: चाळीस ते साठ मिनिटं, गप्पा मारता येतील इतकं हळू. पाचव्या चक्रापासून सहाव्या-सातव्यापर्यंत टेम्पोच्या दिवशी टेम्पोऐवजी एकदा-दोनदा शर्यतीच्या वेगानं चार-पाच वेळा ८०० मीटर करून पाहा, मध्ये तीन मिनिटं चालणं. तो वेग पायांना ओळखीचा व्हायला हवा.

ठोक्यांबद्दल एवढंच. "२२० वजा वय" हे सूत्र सरासरीचं आहे. साठीच्या माणसाला ते १६० सांगतं. "२०८ वजा वयाच्या ०.७ पट" हे सूत्र १६६ सांगतं. आणि प्रत्यक्ष माणूस या दोन्हींपासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असू शकतो. श्वास जास्त प्रामाणिक असतो.

हळू आणि लांब धावण्याचे पुरस्कर्ते नेहमी कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचं उदाहरण देतात. २००४ साली ७३व्या वर्षी त्यांनी टोरांटो मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली आणि सराव काय, तर घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास संथ फेऱ्या. हे खरं आहे. पण ते छोट्या शर्यतीही सारख्या धावत असत, आणि कमी अंतराचे वयोगटातले विक्रमही त्यांच्या नावावर होते, हे सांगायचं राहून जातं. वेगाचा सराव त्यांनी सोडला नव्हता, तो शर्यतीतच उरकला.

किती वेळेचं लक्ष्य धरायचं

शर्यतीच्या सुमारे अडीच आठवडे आधी, नीट वॉर्मअप करून, ३ किलोमीटर जोरात धावून वेळ लावा. ती १.७२ नं गुणा. हा आकडा धावपटूंच्या जुन्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्रातून येतो: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. ३ किलोमीटरला १९ मिनिटं लागली तर ५ किलोमीटरला अंदाजे ३२ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३२ सेकंद. पंचविशीतला आपला वेग इथे आणायचा नाही. तो माणूस वेगळा होता आणि त्यानं पोटरीचा व्यायाम केलेला नव्हता.

बूट

शर्यतीसाठी नवे बूट घेऊ नका. किमान पन्नास-साठ किलोमीटर वापरलेले हवेत. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक कमी असलेले बूट पोटरीवर जास्त भार टाकतात, त्यामुळे अचानक सपाट बुटांवर जाणं हा शीर दुखावून घ्यायचा सोपा मार्ग. कार्बन प्लेटच्या जाड बुटांनी काही जणांना फायदा होतो, पण त्यांवर तोल डगमगतो. वळणावर घोटा सांभाळता येतो का, हे सरावात पाहून ठरवा.

शेवटचा आठवडा

धावणं निम्म्यावर आणा, वेग पूर्ण काढू नका. शर्यतीच्या तीन दिवस आधी हळू वीस मिनिटं आणि चार स्ट्राइड्स पुरेत. पोटरीचे जड व्यायाम पाच दिवस आधी थांबवा. एरवी प्रत्येक जेवणात प्रथिनं नीट घ्यायची सवय ठेवा, कारण उतारवयात स्नायू तेवढ्याच प्रथिनांना तरुणापेक्षा कमी प्रतिसाद देतो. ५ किलोमीटरसाठी आदल्या रात्री पोटभर पिष्टमय खाऊन साठा करायची मात्र गरज नाही. त्यानं फक्त पोट जड होतं.

शर्यतीची सकाळ

दोन-अडीच तास आधी थोडं, हलकं, सवयीचं खाणं. वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून उठल्यावर पाणी प्या. पण शेवटच्या तासात घटाघट पिऊ नका. लघवीचा प्रश्न आपल्या वयात बायकांनाही असतो, पुरुषांनाही, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. शौचालयाची रांग लांब असणार, ती गृहीत धरूनच पोचा. गरज वाटली तर पातळ पॅड लावा, शर्यत वाया घालवू नका.

"सुरक्षित राहावं" म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेणारे बरेच भेटतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, शरीरात पाणी कमी आणि जोरात धावणं, हे एकत्र आलं की मूत्रपिंडांवर ताण पडतो. वर जी वेदना आपल्याला थांबवणार होती तीही दबते.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खाली पाहताना रस्ता धूसर दिसतो आणि दुभाजकाची कड, रस्त्यातले उंचवटे चुकतात. धावायला फक्त लांबचा नंबर असलेला साधा चष्मा ठेवा. बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाला, पिना घरीच लावा, थंडीत आखडलेल्या बोटांनी चार पिना लावणं हीच एक शर्यत असते.

वॉर्मअप सुरुवातीच्या तीसेक मिनिटं आधी सुरू करा. तरुणांना दहा मिनिटं पुरतात, आपल्याला वीस-पंचवीस लागतात. पाच मिनिटं झपझप चालणं, दहा मिनिटं अगदी हळू धावणं, मग पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे उचलणं, वीसेक वेळा टाचा वर-खाली, शेवटी चार स्ट्राइड्स. एका जागी उभं राहून ताणून धरण्याचे लांबलचक स्ट्रेच आत्ता नकोत. एवढं झाल्यावर सुरुवातीला पाच-सात मिनिटं उरावीत. गर्दीत उभं राहावं लागलं तर जॅकेट अंगावरच ठेवा आणि जागच्या जागी टाचा उचलत राहा. लोक बघतात. बघू देत. मी त्या सकाळी नेमकं हेच केलं नव्हतं.

किलोमीटर दर किलोमीटर

उभं राहताना आपल्या वेगाच्या लोकांत उभे राहा, पुढे घुसू नका. बिबवर किंवा बुटाला वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची खरी वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजली जाते. मात्र काही स्पर्धांत बक्षिसांचा क्रम बंदुकीच्या वेळेवर, म्हणजे सुरुवातीचा इशारा झाल्यापासून मोजलेल्या वेळेवर, ठरतो, तेव्हा वयोगटात नंबराची आशा असेल तर नियम आधी वाचा.

३२:४० चं लक्ष्य असेल तर माझी विभागणी अशी असते: पहिला किलोमीटर ६:४०, दुसरा ६:३५, तिसरा आणि चौथा ६:३२, पाचवा ६:२१. पहिला किलोमीटर कंटाळवाणा वाटायला हवा. दहा-बारा वर्षांची पोरं, आजोबा, स्ट्रोलर ढकलणाऱ्या आया, सगळे पुढे जातात. जाऊ द्यावं. त्यांतले निम्मे तिसऱ्या किलोमीटरला परत भेटतात.

दुसऱ्यात श्वास बसतो. खांदे कानापाशी चढले असतील तर हात खाली सोडून एकदा झटका. अवघड किलोमीटर चौथा. तोपर्यंत उत्साह संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. पाऊल लांब टाकायचा मोह होतो. टाकू नका, त्यानं टाच पुढे आपटते आणि शरीराला ब्रेक लागतो. पावलं थोडी जलद करा आणि जमीन मागे रेटली जातेय का तेवढं पाहा. मी पुढच्या एका पाठीवर नजर ठेवतो आणि ती जवळ येतेय का, एवढाच विचार करतो. शेवटचे चारशे मीटर उरल्यावर हळूहळू वाढवा. पन्नास मीटरवर एकदम झेप घेतली की पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू धरतो.

वळणं आतून घ्या. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेनं, कडेपासून ३० सेंटीमीटर अंतरावर मोजलेला असतो. वर तो कमी भरू नये म्हणून ०.१ टक्का, म्हणजे ५ किलोमीटरला ५ मीटर, जास्त ठेवतात. बाहेरून पळालात तर तुम्ही जास्त पळता, आणि घड्याळानं ५.०८ किलोमीटर दाखवलं म्हणून आयोजकांशी भांडण्यात अर्थ नसतो. सरळ रस्त्यावर मात्र अगदी कडेला धावू नका. रस्ता कडेकडे उतरता असतो आणि एका बाजूचा घोटा व कंबर कायम तिरकी राहते.

छातीत दडपण, चक्कर, वेडीवाकडी धडधड, किंवा पोटरीत अचानक टोचणी यांपैकी काहीही झालं तर कडेला जाऊन थांबा, आणि पहिल्या तीनसाठी लगेच मदत मागा. पोटरीची टोचणी "धावून धावून जाईल" असं वाटतं. जात नाही, दोन आठवड्यांची दुखापत आठ आठवड्यांची होते.

रेषेनंतर

फिनिश लाइन ओलांडून खाली बसू नका, गुडघ्यांवर हात ठेवून खिळून उभेही राहू नका. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते एकदम थांबले की रक्त पायांत साठतं, दाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त होतं. दहा मिनिटं चालत राहा, सुके कपडे घाला, तासाभरात नीट खा.

निकालात नुसती वेळ पाहू नका. वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या पद्धतीत वयोगट ३५ पासून पाच-पाच वर्षांचे असतात, त्यामुळे ६५ वा वाढदिवस ही आनंदाची गोष्ट असते: आदल्या दिवशी गटातले सर्वांत म्हातारे, दुसऱ्या दिवशी सर्वांत तरुण. त्यांच्याच एज ग्रेडिंगच्या तक्त्यांत वय, लिंग आणि वेळ घातली की टक्का मिळतो. ढोबळ मानानं ६० टक्के म्हणजे स्थानिक, ७० विभागीय, ८० राष्ट्रीय आणि ९० जागतिक दर्जा. माझी वेळ गेल्या चार वर्षांत पावणेदोन मिनिटांनी वाढली आहे आणि टक्का एकानं. दर शर्यतीनंतर मी तो वहीत लिहितो, वेळेच्या आधी.

पुढचे तीन दिवस फक्त चालणं, मग आठवडाभर हळू धावणं. दहाव्या दिवशी पुन्हा त्याच पायरीवर उभे राहा आणि एकेका पायावर टाचा मोजा. दोन्ही पायांचा आकडा शर्यतीआधीइतका आला की स्ट्राइड्स सुरू. एक पाय तीन-चारनं मागे असेल तर आणखी चार दिवस थांबा, मग पुन्हा मोजा.